आक्रसलेला हॅमर आणि अर्धा चमचा सोडा

वाचकाचे पत्र (थोडे संक्षिप्त करून): एडिसन, न्यू जर्सी येथील आमच्या घरी गेल्या मे महिन्यापासून ४० गॅलनची प्रवाळांची टाकी आहे. त्यातला पाच तोंडांचा हॅमर (हातोडीच्या आकाराच्या टोकांची मऊ बोटे असलेले दगडी प्रवाळ) नोव्हेंबरपर्यंत हाताच्या पंजाएवढा फुलत असे. डिसेंबरच्या अखेरीपासून तो आक्रसून बसला आहे आणि एका तोंडाचा पांढरा सांगाडा उघडा पडला आहे. मी दोनदा अर्धे पाणी बदलले, दोनदा त्याला औषधी पाण्यात बुडवले, वरच्या खडकावर हलवले, दिव्याचा जोर वाढवला. कशाचाच उपयोग नाही. दुकानदार आयोडीन घालायला सांगतो, तर आमच्या यजमानांचे म्हणणे की हा टाकून दुसरा आणावा. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य आहेत, म्हणजे पाणी तर स्वच्छच आहे. कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३२०, तापमान ७८ फॅरनहाइट, खारेपणा १.०२६, पीएच ७.८. (अल्कॅलिनिटी, म्हणजे सांगाडा बांधायला लागणाऱ्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे पाण्यातले माप, ११.८ आली, पण ते किट जुने असल्याने मी तिकडे लक्ष दिले नाही.) टाकीत क्लाउन माशांची जोडी, कँडी केन, झोआ आणि ग्रीन स्टार पॉलिप ही इतर प्रवाळेही आहेत. फोटो आणि टाकीच्या वहीची पाने सोबत जोडते. माझे नेमके काय चुकते आहे? आणि हा जगलाच, तर पुढच्या दिवाळीत पुण्याच्या भाच्यासाठी त्याची एक फांदी नेता येईल का?

उत्तर:

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही कंसात घातले आहे. जुन्या किटवर विश्वास ठेवू नये ही तुमची सावधगिरी योग्य आहे, परंतु न पटणारा आकडा आला की तो बाजूला ठेवायचा नसतो, दुसऱ्या किटने पुन्हा मोजायचा असतो. तुमच्या वहीची पाने समोर ठेवून मी हिशेब मांडला तेव्हा ११.८ हाच आकडा निघाला. त्या हिशेबाकडे येण्याआधी फोटोंविषयी लिहितो, कारण निदानाची सुरुवात प्राण्याकडे नीट पाहण्यापासून व्हावी असे मला वाटते.

दुसऱ्या क्रमांकाचा फोटो मोठा करून पाहा. निरोगी हॅमरचे मांस केवळ वरच्या तोंडाशी नसते. ते सांगाड्याच्या काठावरून बाहेरच्या बाजूने, घागऱ्याच्या घेरासारखे, बोटाच्या पेराइतके तरी खाली उतरलेले असते. तुमच्या आजारी तोंडाचा हा घेर पूर्णपणे गेला आहे आणि सांगाड्याच्या उभ्या पात्या, किसणीच्या धारांसारख्या, स्वच्छ दिसत आहेत. त्यातही वरचा पट्टा खडूसारखा पांढराशुभ्र आहे, तर त्याखालच्या पट्ट्यावर हिरवट-तपकिरी थर बसला आहे. मांस नुकतेच सुटलेली जागा पांढरी असते आणि आठवडा-दोन आठवडे उघड्या राहिलेल्या जागेवर शेवाळ धरते, म्हणून या दोन रंगांवरून असे दिसते की मांस एका रात्रीत गेलेले नाही. ते खालून वर हळूहळू मागे हटत आले आहे आणि अजूनही हटत आहे.

यावरून दोन आजार बाजूला ठेवता येतात. एक म्हणजे ज्याला आपण रंग उडणे म्हणतो ते. त्यात मांस जागेवरच राहते, पण त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले निघून गेल्यामुळे ते काचेसारखे पारदर्शक होते आणि आतला पांढरा सांगाडा त्यातून दिसू लागतो. तुमच्या हॅमरचे उरलेले मांस आक्रसलेले आहे, तरी त्याचा हिरवा-तपकिरी रंग टिकून आहे. दुसरा आजार हॅमर पाळणाऱ्यांना सर्वांत जास्त धडकी भरवणारा, म्हणजे ब्राउन जेली. त्यात मांस विरघळून तपकिरी, चिकट, वाऱ्यावर हलणाऱ्या जाळ्यासारखा गाळ होतो, त्याला कुजका वास येतो आणि एक-दोन दिवसांत एका तोंडावरून दुसऱ्यावर पसरतो. तसे असते तर तीन आठवड्यांनंतर मला पत्र लिहिण्यासारखे काही उरलेच नसते.

आता टाकीतल्या इतर रहिवाशांकडे वळू. एकच प्राणी आजारी असेल तर त्याची जागा, त्याचा शेजारी किंवा त्याला खाणारे कोणी शोधावे; सगळेच मलूल असतील तर खारेपणा, तापमान किंवा पाण्यात शिरलेले विष शोधावे; आणि ज्यांना दगडी सांगाडा बांधावा लागतो तेवढेच त्रासलेले असतील, तर सांगाडा ज्या द्रव्यांपासून बनतो त्यांच्याकडे संशयाने पाहावे. फोटोतले झोआ पूर्ण उघडे आहेत, ग्रीन स्टार पॉलिप हिरवळीसारखा डुलतो आहे आणि काचेवरच्या गोगलगायी खुशाल चरत आहेत. पाण्यात तांबे किंवा तत्सम काही उतरले असते तर त्यांनी आधी मान टाकली असती. कँडी केनचा मात्र रंग नोव्हेंबरच्या फोटोच्या मानाने उतरला आहे आणि तोंडे पिचकलेली आहेत. त्याच्या या अवस्थेविषयी पत्रात तुम्ही काहीच लिहिलेले नाही. कँडी केन आणि हॅमर हे दोघेही सांगाडा बांधणारे आहेत, म्हणून तिसरी शक्यता मला सर्वांत बळकट वाटते.

तुम्ही टाकीची वही ठेवता हे मी कौतुकाने लिहितो, कारण इथून पुढचे सारे निदान तिच्यातूनच निघाले. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या नोंदींत अल्कॅलिनिटी सातत्याने ७.४ ते ७.६ डीकेएच (हे अल्कॅलिनिटीचे एकक) आहे, नायट्रेट ५ च्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ आहे. हॅमर फुलत होता तो याच पाण्यात. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून, तुम्ही दुसऱ्या कंपनीचे मीठ आणले. त्याच्या डब्याचा फोटो जोडलात हे बरे झाले, कारण त्यावर छापले आहे की कालवलेल्या पाण्याची अल्कॅलिनिटी १२ डीकेएच येते. सांगाडा भराभर वाढवू इच्छिणाऱ्यांसाठी असे मीठ बनवतात, त्यामुळे मिठात दोष नाही. तुमच्या टाकीला त्याची गरज नव्हती, इतकेच. डिसेंबरच्या मध्यावर केसाळ शेवाळ आले म्हणून तुम्ही फॉस्फेट शोषणारे तपकिरी लोखंडी दाणे, म्हणजे जीएफओ, फिल्टरमध्ये घातले. दहा दिवसांनी हॅमर आक्रसला. मग काळजीपोटी एका आठवड्यात दोनदा अर्धे-अर्धे पाणी बदललेत, आणि तेही त्याच नव्या मिठाने. शेवटी पीएच ७.८ दिसला म्हणून कोणाच्या तरी सल्ल्यावरून अर्धा चमचा खाण्याचा सोडा घातलात.

आता हिशेब पाहा. ४० गॅलनच्या टाकीत खडक आणि वाळू वजा जाता पाणी सुमारे ३० गॅलन, म्हणजे ११५ लिटरच्या आसपास, धरू. ७.५ च्या पाण्यातले निम्मे काढून १२ चे पाणी घातले की ९.७५ होते. पुन्हा निम्मे बदलले की जवळपास १०.९ होते. अर्धा चमचा सोडा साधारण तीन ग्रॅम भरतो आणि तो ११५ लिटर पाण्यात सुमारे ०.९ डीकेएचची भर घालतो. बेरीज ११.८ होते. प्रत्यक्षात थोडे इकडेतिकडे होईल, परंतु तुमचे जुने किट खोटे बोलत नव्हते.

साडेअकरा-बारा डीकेएचची अल्कॅलिनिटी हे काही विष नव्हे. याहून थोड्या कमी अल्कॅलिनिटीवर कित्येकांची हॅमर प्रवाळे वर्षानुवर्षे छान वाढतात, आणि नैसर्गिक समुद्राची अल्कॅलिनिटी मात्र ७ च्या आसपासच असते. प्रवाळाला बाधते ती मुख्यतः उडी. जो प्राणी महिनोन्‌महिने साडेसातला सरावला होता त्याच्या अंगावर आठवड्याभरात चार अंकांची झेप आदळली. एका दिवसात अर्ध्या अंकाहून अधिक बदल होऊ देऊ नये असा माझा नियम आहे. शिवाय ही झेप अशा वेळी आली, जेव्हा पाण्यातले पोषण संपले होते.

यासाठी तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या एका वाक्याशी मला वाद घालावा लागेल: नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य, म्हणजे पाणी स्वच्छच. गोड्या पाण्याचे मासे पाळलेल्यांना ही सवय असते आणि ती सुटायला वेळ लागतो. माझीही सहज सुटली नव्हती. हॅमर हा काही प्रमाणात पकडलेल्या अन्नावर जगतो, पण त्याची खरी भाकरी त्याच्या मांसातल्या शैवालांकडून येते, आणि त्या शैवालांना नायट्रोजन व फॉस्फरस थोडे तरी लागतातच. जीएफओने पाण्यातले फॉस्फेट थोड्याच दिवसांत शोषून घेतले आणि उरलेसुरले केसाळ शेवाळाने खाल्ले. शेवाळ डोळ्यांसमोर वाढत असताना किट शून्य दाखवते ते यामुळेच. अल्कॅलिनिटी चढी, पोषण शून्य आणि त्यावर वाढवलेला दिवा, हे तिन्ही एकत्र आले की सांगाडा बांधण्याला उत्तेजन मिळते आणि त्या बांधकामाबरोबर मांसाला वाढता येत नाही, ते काठावरून सुटू लागते. अनुभवी मंडळींच्या टाक्यांत हे चित्र पुन्हा पुन्हा दिसते आणि तुमच्या फोटोतले चित्र त्याच्याशी जुळते.

पीएचविषयी दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात खिडक्या महिनोन्‌महिने बंद असतात, घरातल्या माणसांच्या श्वासाने आणि गॅसच्या शेगडीने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात विरघळतो आणि पीएच ७.८ पर्यंत उतरतो. यात अल्कॅलिनिटीची काही कमतरता नसते. अशा वेळी खाण्याचा सोडा घालून पीएच वाढत नाही, सुरुवातीला तर किंचित उतरतोच. अल्कॅलिनिटी मात्र निश्चित वाढते. दिवसातून थोडा वेळ टाकीजवळची खिडकी बोटभर उघडली, किंवा स्किमरची (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवा घेणारी नळी बाहेरच्या हवेपर्यंत नेली, तर फरक दिसेल. आणि दिसला नाही तरी ७.८ वर हॅमर मरत नाही.

“पण कॅल्शियम तर ४३० आहे,” असे तुमच्या मनात येईल. कॅल्शियम या भानगडीत फारसे बोलत नाही. सांगाडा बांधताना प्रवाळाने २.८ डीकेएच अल्कॅलिनिटी वापरली, तर त्याबरोबर कॅल्शियम अवघे २० पीपीएमने (दशलक्षात २० भागांनी) घटते. म्हणजे अल्कॅलिनिटीचा आकडा एक-तृतीयांशाहून अधिक उतरलेला असताना कॅल्शियम ४३० वरून ४१० वर आलेले असते, आणि एवढा फरक घरगुती किटच्या चुकीतच हरवतो. सोड्यात तर कॅल्शियम नसतेच. म्हणून टाकीची नाडी पाहायची तर अल्कॅलिनिटी पाहावी, तीही रोज एकाच वेळी, कारण दिवे पेटण्यापूर्वीचा आकडा आणि रात्रीचा आकडा वेगळा येऊ शकतो.

आता काय करायचे ते सांगतो, आणि यातले बरेचसे “करू नका” असेच आहे. आधी नवे किट आणून अल्कॅलिनिटी मोजा. त्याच दिवशी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजण्याचे यंत्र, तपासा. वहीत तुम्ही लिहिले आहे की तो आरओच्या पाण्यावर शून्याला लावता. शून्याला बरोबर दाखवणारे हे यंत्र ३५ ला चुकीचे दाखवू शकते, म्हणून ३५ पीपीटीचे (हजारात ३५ भाग खारेपणाचे) प्रमाणित द्रावण आणून त्यावर लावावे. माझ्याकडच्या एका यंत्राने सहा महिने १.०२६ दाखवून प्रत्यक्षात १.०२९ चे पाणी मला वापरायला लावले होते, आणि त्या सहा महिन्यांत मी दिव्यापासून माशांपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. तुमचे मॅग्नेशियम समुद्राच्या १२९० च्या जवळ असल्यामुळे खारेपणा फारसा बिघडला नसावा असे वाटते, तरीही खात्री करून घ्यावी.

अल्कॅलिनिटी खाली आणण्यासाठी काहीही ओतू नका. आम्ल तर मुळीच नको. सोडा बंद, नवे मीठ बंद. पूर्वीचे मीठ आणा आणि आठवड्यातून एकदा फक्त दहा टक्के पाणी बदला. सुरुवातीला प्रत्येक वेळी आकडा सुमारे ०.४ ने उतरेल, आणि टाकीतली प्रवाळे व खडकावरचे जांभळे कवच (हे चुन्याचे शैवाल) रोज थोडे-थोडे वापरतीलच. काही आठवड्यांत तुम्ही साडेआठच्या आसपास याल. तिथे आलात की ते टिकवा. साडेसातचा आग्रह धरू नका.

जीएफओ आजच काढा. माशांना दिवसातून एकदा देता त्याऐवजी दोनदा खाऊ द्या आणि नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ यांच्या दरम्यान येऊ द्या. केसाळ शेवाळ या काळात आणखी वाढेल. ते हाताने, जुन्या टूथब्रशने उपटून काढावे लागेल. हे कंटाळवाणे काम आहे, पण दाण्यांच्या डबीपेक्षा स्वस्त आहे. काम करताना हातमोजे घाला आणि झोआंवर ब्रश चालवू नका. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे तीव्र विष असते.

हॅमर जिथे सप्टेंबरमध्ये फुलत होता, त्या खालच्या कोपऱ्यात त्याला एकदाच परत ठेवा. प्रवाळाला वारंवार हलवू नये हे मी एरवी सांगतो, परंतु इथे ती जागा त्याला मानवते याचा सहा महिन्यांचा पुरावा तुमच्याकडे आहे, आणि वरच्या खडकावर पंपाचा झोत थेट त्याच्यावर येतो हे चौथ्या फोटोत एका बाजूला चिकटलेल्या बोटांवरून स्पष्ट दिसते. सुजलेले मांस त्या धारदार पात्यांवर सतत घासले गेले की फाटते. बोटे मंद डुलावीत, झोडपली जाऊ नयेत, इतका प्रवाह हॅमरला पुरे. दिवाही एकदम खाली न आणता आठवड्याभरात जुन्या जोरावर आणा. हॅमरला पार मीटरवर (प्रवाळातल्या शैवालांना उपयोगी पडणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर) १०० ते १५० इतका उजेड भरपूर होतो.

औषधी पाण्यात बुडवणे कीड असेल तर उपयोगाचे. तुमच्या दोन्ही वेळच्या आंघोळीत काहीही पडले नाही असे तुम्हीच लिहिता, तर तिसरी नको. आयोडीनबाबत माझे मत कठोर आहे: ज्याची पातळी तुम्ही मोजत नाही ते टाकीत घालू नये. प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना पाठवण्याचीही एवढ्यात गरज नाही, दोष घरातल्याच किटने सापडला आहे.

एक तपासणी मात्र जरूर करा. दिवे मालवल्यावर तासा-दीड तासाने लाल प्रकाशाची विजेरी घेऊन दहा मिनिटे टाकीसमोर बसा. क्लाउनची जोडी हॅमरमध्येच लोळत असेल तर निरोगी हॅमर ते सहन करतो, आजारी हॅमर करत नाही, आणि मग महिनाभर त्याच्यावर प्लास्टिकची जाळीदार टोपली पालथी घालावी. खेकडा वगैरे काही निघाले तर मला कळवा. माझे निदान त्या मर्यादेपर्यंत बदलेल.

उघड्या पडलेल्या तोंडाचे काय? तुमचा हॅमर फांद्यांचा आहे, हे तुमचे नशीब. एकसंध भिंतीसारख्या हॅमरमध्ये एका टोकाला सुरू झालेली गळती सलग मांसातून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, पण फांद्यांच्या हॅमरमध्ये प्रत्येक तोंड निर्जीव दांड्याने वेगळे झालेले असते आणि एक गेले तरी चार वाचू शकतात. म्हणून आज कात्री लावू नका. अर्धे मांस शिल्लक आहे आणि फोटोत त्याचे मुखही मिटलेले दिसते. जबडा पसरल्यासारखे ते सताड उघडे पडले तर चिंता वाढेल. पण एखाद्या सकाळी तपकिरी गाळ लोंबताना दिसला, तर त्या वेळी ऑफिसला जाण्याआधी काम उरकायचे: पंप बंद करून तो गाळ बारीक नळीने ओढून बाहेर टाका, हॅमर बाहेर काढा आणि ते तोंड मांसाच्या बरेच खाली, कोरड्या दांड्यावर, हाडे कापण्याच्या कात्रीने तोडून वेगळे करा. डोळ्यांवर चष्मा असू द्या. मांस साधेपणाने गळूनच गेले, तर मात्र उरलेला दांडा टाकून देऊ नका. काही महिन्यांनी त्याच्या बुडाशी वाटाण्याएवढी नवी तोंडे फुटलेली मी पाहिली आहेत.

तुमच्या यजमानांना सांगा की याच पाण्यात आणलेला दुसरा हॅमरही याच वाटेने जाईल. सुधारणा पहिल्या पंधरवड्यात दिसणार नाही. आधी दुपारी बोटे थोडी लांब होतील, मग कँडी केन भरेल, आणि घागऱ्याचा घेर परत उतरायला कित्येक महिने लागतील. दर रविवारी एकाच वेळी, एकाच कोनातून एक फोटो काढून वहीत तारखेसह लावा, कारण रोज पाहणाऱ्या डोळ्याला मिलिमीटरचा फरक कळत नाही.

पुण्याच्या भाच्यासाठी फांदी नेण्याविषयी: नाही, नेऊ नका. दगडी प्रवाळांची आंतरराष्ट्रीय ने-आण साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्याशिवाय करता येत नाही, आणि भारतात तर २००१ पासून सर्व दगडी प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. विमानतळावर पिशवीतल्या फांदीचे स्पष्टीकरण देण्याची वेळ तुमच्यावर किंवा त्या मुलावर येऊ नये. त्याला जिवंत प्रवाळ पाहायचेच असेल, तर दिवाळीनंतर समुद्र निवळला की मालवणला न्या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या पाण्यात मुखवटा लावून पोहताना ती दिसतात. जाताना पोराला एवढेच बजावा की दम लागला तरी तळावर पाय टेकायचा नाही, होडीची दोरी धरायची.